बिल्ड डिपेंडन्सीची यादी : कुठल्याही डिस्ट्रोवरच्या नव्या माणसाला उपयोगी पडेल अशी कशी लिहायची?

घाटमाथा (रविवार, रात्री ९.४०)

मंडळी, नमस्कार. थोडं लांब लिहितो आहे, कारण हा विषय महिनाभर डोक्यातून जात नाहीये. कोडपासून चालणारा प्रोग्राम बनवायला (बिल्डला) आधी ज्या गोष्टी बसवाव्या लागतात त्या डिपेंडन्सी, आणि त्यांची नावं प्रत्येक डिस्ट्रोत, म्हणजे लिनक्सच्या प्रत्येक प्रकारात, वेगळी असतात.

मी आणि दोन मित्र गेली चार वर्षं एक छोटं मुक्तस्रोत साधन लिहितो आहोत. जुन्या मराठी पुस्तकांची स्कॅन केलेली पानं घ्यायची, तिरकी असतील तर सरळ करायची, डाग पुसायचे आणि टेसरॅक्टकडून मजकूर ओळखून घ्यायचा. भाषा सी प्लस प्लस, बिल्डसाठी मेसॉन, आणि खाली लेप्टोनिका (चित्रांसाठी), टेसरॅक्ट, पॉप्लर (पीडीएफसाठी), आयसीयू (युनिकोडसाठी) या लायब्रऱ्या, म्हणजे तयार कोडचे संच. गेल्या महिन्यात एका रविवारी पुण्यात नव्या लोकांना बोलावलं. अकरा जण लॅपटॉप घेऊन आले. सकाळी दहाला बसलो. जेवायला उठलो तेव्हा फक्त तिघांचं बिल्ड झालं होतं. जेवणानंतर चौघे परत आलेच नाहीत, आणि त्यात मला त्यांची चूक दिसत नाही. रविवार मोडून आलेल्या माणसाने सहा तास एरर वाचत बसावं अशी अपेक्षा कुणी करू नये.

घोडं कुठे अडलं ते प्रत्येकाचं वेगळं होतं, म्हणून सांगतो.

आमच्या रीडमीत (प्रकल्पाच्या ओळखपानात) एकच ओळ होती : ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल’ आणि पुढे सात पॅकेजांची नावं. चार वर्षांपूर्वी माझ्या उबुंटूवर लिहिलेली. (आज्ञा इथे वाचण्यासाठी देवनागरीत लिहितो आहे, टर्मिनलमध्ये अर्थातच रोमनमध्ये टाका.) एका ताईंकडे फेडोरा होतं. तिथे ‘लिबलेप्टोनिका-डेव्ह’ नावाचं काही नसतं, ते ‘लेप्टोनिका-डेव्हेल’ आहे. मेसॉन एररमध्ये सांगत होता की ‘लेप्ट’ सापडत नाही. म्हणजे एकाच लायब्ररीची तीन नावं समोर, आणि ती तिन्ही एकच आहेत हे त्यांना सांगणारं कुणी नाही.

दुसऱ्याकडे उबुंटू २२.०४. सातही पॅकेजं बिनतक्रार बसली. पण त्या आवृत्तीत टेसरॅक्ट ४.१.१ येतं आणि आमच्या कोडला ५ लागतं. नाव बरोबर, वस्तू जुनी.

तिसऱ्याकडे डेबियन. तो म्हणाला, ‘लायब्ररी आहे की माझ्याकडे!’ आणि ती खरोखरच होती, ‘लिबटेसरॅक्ट५’ नावाने. पण ते फक्त चालवण्यापुरतं पॅकेज. हेडर फाइली, म्हणजे बिल्ड करताना लागणारं लायब्ररीचं वर्णन, ‘लिबटेसरॅक्ट-डेव्ह’ मध्ये असतात. हे माहीत नसणं अगदी स्वाभाविक आहे.

चौथ्याकडे आर्च. त्याचं बिल्ड सगळ्यांत आधी झालं, कारण आर्चमध्ये हेडर वेगळे काढतच नाहीत, मूळ पॅकेजमध्येच असतात. पण चाचण्या धडाधड पडल्या. टेसरॅक्ट बसवताना पॅकमन (आर्चचं पॅकेज बसवणारं साधन) विचारतो की भाषेचा डेटा कुठला हवा. त्याने नुसतं एंटर दाबलं, तेव्हा वर्णक्रमातली पहिली, म्हणजे आफ्रिकान्स, बसली. मराठीचा डेटा आलाच नाही. आमच्या यादीत तो लिहिलेलाच नव्हता, कारण माझ्या मशीनवर तो केव्हापासून आहे हे मलाही आठवत नाही.

हे शेवटचं मला सर्वांत जास्त लागलं. ती यादी मुळात यादी नव्हतीच. त्या दिवशी माझ्याकडे जे नव्हतं आणि मला बसवावं लागलं, तेवढंच तिच्यात होतं. जे आधीपासून होतं ते गळलं.

माझं आत्ताचं मत असं : आधी लायब्ररीची स्वतःची ओळख लिहावी, किमान आवृत्ती लिहावी, ती कशासाठी लागते ते लिहावं. डिस्ट्रोमधली नावं त्याच्यापुढे, भाषांतरासारखी. आणि ती यादी कोऱ्या मशीनवर चालवून पाहिल्याशिवाय छापू नये. पण हे प्रत्यक्षात कसं करता? किती डिस्ट्रो घेता? कृपया अनुभव लिहा.

उंबरठा (रविवार, रात्री १०.१५)

घाटमाथा, मनापासून लिहिलंय. मी बिल्ड करणारी नाही, भाषांतर करणारी आहे, म्हणून वेगळ्या बाजूने सांगते.

दोन वर्षांपूर्वी एका प्रकल्पात मला मराठी वाक्यं तपासायची होती. त्यासाठी मला गेटटेक्स्ट या भाषांतराच्या साधनसंचातलं, भाषांतराच्या फाइली तपासणारं ‘एमएसजीएफएमटी’ एवढंच लागत होतं. पण मार्गदर्शक पानावर एकच मोठी यादी. त्यात ग्राफिक्सच्या लायब्रऱ्या, दस्तऐवज तयार करण्याची साधनं, चाचण्यांची साधनं, सगळं एकत्र. मी ते सगळं उतरवलं, मोबाइलच्या डेटावर. त्यातलं नव्वद टक्के मला कधीच लागलं नाही.

तेव्हा ‘कशासाठी’ हा तुमचा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. माणूस काय करायला आलाय त्यावरून यादी तोडा. भाषांतराला आलेल्या माणसाला दोन पॅकेजं पुरतात, हे पहिल्याच परिच्छेदात लिहा.

पाटावरवंटा (रविवार, रात्री ११.०५)

मी डेबियनसाठी काही पॅकेजं सांभाळतो. तुम्ही जे शोधताय त्याचा बराचसा भाग डिस्ट्रोवाल्यांनी आधीच करून ठेवलाय, फक्त आपण तिकडे पाहत नाही.

डेबियनच्या प्रत्येक स्रोत पॅकेजमध्ये ‘कंट्रोल’ नावाची फाइल असते, तिच्यात ‘बिल्ड-डिपेंड्स’ लिहिलेलं असतं. फक्त चाचण्यांसाठी लागणाऱ्या गोष्टींना तिथे ‘नोचेक’ची खूण करता येते, फक्त दस्तऐवजांसाठी लागणाऱ्यांना ‘नोडॉक’ची. आर्चच्या पीकेजीबिल्डमध्ये (पॅकेज कसं बनवायचं ते सांगणाऱ्या फाइलीत) बिल्डसाठी ‘मेकडिपेंड्स’ आणि चाचण्यांसाठी ‘चेकडिपेंड्स’ वेगळे असतात. म्हणजे उंबरठाताई म्हणतात ती विभागणी तिथे रोजच्या वापरात आहे.

आणि फेडोराच्या स्पेक फाइलींत, म्हणजे तिथल्या तशाच फाइलींत, तुम्हाला ‘बिल्डरिक्वायर्स’ पुढे पॅकेजचं नाव न दिसता ‘पीकेजीकॉन्फिग’ आणि कंसात ‘लेप्ट’ असं दिसेल. पॅकेजला काहीही म्हणा, ‘लेप्ट.पीसी’ ही फाइल देणारं जे कुणी असेल ते आणा, असा त्याचा अर्थ. तुम्ही ज्याला लायब्ररीची स्वतःची ओळख म्हणता ती हीच. ‘.पीसी’ फाइल पीकेजी-कॉन्फिग या साधनाला लायब्ररी कुठे आहे आणि तिची आवृत्ती कोणती ते सांगते. ती लायब्ररीचे लेखक स्वतः देतात, त्यामुळे ती बहुतेक सगळीकडे एकाच नावाने असते. टेसरॅक्टची ‘टेसरॅक्ट’, पॉप्लरची ‘पॉप्लर-सीपीपी’, आयसीयूच्या ‘आयसीयू-यूसी’ आणि ‘आयसीयू-आय१८एन’.

फायदा असा की फेडोरावर थेट ‘डीएनएफ इन्स्टॉल’ पुढे अवतरणात पीकेजीकॉन्फिग कंसात लेप्ट असं टाकलं की काम होतं. डेबियनवर ‘ॲप्ट-फाइल सर्च लेप्ट.पीसी’ करून पॅकेजचं नाव काढता येतं. आर्चवर ‘पॅकमन -एफ लेप्ट.पीसी’.

भरतीओहोटी (सोमवार, सकाळी ७.२०)

ओपनसूसेच्या झिपर या पॅकेज साधनावरही पीकेजीकॉन्फिगचं तेच चालतं, मी न्यूरेम्बर्गमध्ये ओपनसूसे वापरतो. इथे नावांचा गोंधळ अजून वेगळा आहे. ओपनएसएसएलचे हेडर डेबियनमध्ये ‘लिबएसएसएल-डेव्ह’, फेडोरात ‘ओपनएसएसएल-डेव्हेल’, आमच्याकडे ‘लिबओपनएसएसएल-डेव्हेल’. ‘डेव्हेल’ लावलं की फेडोराचं नाव इकडे चालेल असं लोक समजतात आणि अर्ध्या वेळा ते चुकतं. म्हणून कृपया ‘आरपीएमवाले’ (फेडोरा, ओपनसूसेसारखे आरपीएम प्रकारची पॅकेजं वापरणारे) असा एकच रकाना करू नका.

रानपाखरू (सोमवार, सकाळी ९.०२)

नवशिकी आहे, प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या. हे सगळं करण्यापेक्षा, एखाद्या पॅकेजच्या बिल्डला लागणारं सगळं आपोआप बसवणारी ‘ॲप्ट बिल्ड-डेप’ ही एक आज्ञा का लिहीत नाहीत? लिब्रेऑफिसच्या पानावर तसंच दिलं होतं आणि माझं काम झालं होतं.

पाटावरवंटा (सोमवार, सकाळी ९.४५)

रानपाखरू, प्रश्न अगदी योग्य आहे. लिब्रेऑफिससारखा प्रकल्प प्रत्येक मोठ्या डिस्ट्रोत आहे, तिथे ही वाट सर्वांत सोपी. फेडोरावर ‘डीएनएफ बिल्डडेप’, ओपनसूसेवर ‘झिपर एसआय -डी’, आर्चवर ‘मेकपीकेजी -एस’, जेंटूवर ‘इमर्ज --ओन्लीडेप्स’.

पण तीन गोष्टी लक्षात ठेवा. एक, घाटमाथांचं साधन अजून कुठल्याच डिस्ट्रोत नाही, त्यामुळे तिथे ही आज्ञा रिकामी. दोन, ती डिस्ट्रोत असलेल्या आवृत्तीच्या गरजा आणते, तुम्ही गिटमधून घेतलेल्या ताज्या कोडच्या नाही. काल कुणी नवी लायब्ररी जोडली असेल तर ती यायची नाही. तीन, उबुंटूवर स्रोत पॅकेजं कुठून घ्यायची ती ओळ मुळात बंद असते, आज्ञा दिली की स्रोत यादीत नाहीत अशी तक्रार येते. २४.०४ पासून ती सोय ‘उबुंटू.सोर्सेस’ फाइलमध्ये ‘टाइप्स’ पुढे ‘डेब-एसआरसी’ जोडून चालू करावी लागते. जुन्या लेखांत अजून ‘सोर्सेस.लिस्ट’ उघडा असं लिहिलेलं असतं आणि नवा माणूस तिथे जवळजवळ रिकामी फाइल बघत बसतो. आज्ञा देणार असाल तर ही पायरीही द्या.

चकवा (सोमवार, दुपारी १.३०)

मी सांगतो, कंटेनर, म्हणजे मशीनच्या आतलं बंदिस्त छोटं लिनक्स, द्या आणि मोकळे व्हा. पॉडमन किंवा डॉकर, एक कंटेनरफाइल, सगळ्यांना तेच वातावरण. नाहीतर निक्स हे पॅकेज साधन. ‘निक्स डेव्हलप’ म्हटलं की आवृत्त्यांसकट सगळं जागेवर. डिस्ट्रो कुठली हा प्रश्नच उरत नाही. २०२५ मध्ये पॅकेजांच्या नावांचे तक्ते हाताने लिहिणं म्हणजे वेळेची नासाडी आहे.

हिरवाचाफा (सोमवार, दुपारी २.१०)

चकवा, तुमचं म्हणणं कळतं, पण माझी बाजू ऐका. मी कोल्हापूरजवळच्या गावात राहते. लॅपटॉपमध्ये ४ जीबी रॅम आणि १२८ जीबीची डिस्क. नेट मोबाइलचं. माझ्याकडे जीसीसी आहे, पायथन आहे, निम्म्याहून जास्त लायब्रऱ्या आधीच बसलेल्या आहेत. मला फक्त लेप्टोनिका आणि टेसरॅक्टचे हेडर हवेत, काही एमबीचं काम. त्यासाठी मी सगळी डिस्ट्रो परत कंटेनरमध्ये का उतरवू? निक्सही स्वतःचा सगळा संसार वेगळा मांडतो.

कॉलेजच्या लॅबमध्ये तर अजून अडचण. तिथे आम्हाला सुडो (पॅकेजं बसवण्याची परवानगी) नव्हतं, डॉकरही नव्हतं. लॅबच्या सरांना ‘ही एवढी पॅकेजं बसवून द्या’ असा कागद द्यावा लागायचा. कंटेनरफाइल बघून ते काय करणार? एका ओळीत नावं हवीत, त्यांना वाचता येतील अशी. ज्यांच्या पानावर तशी ओळ होती ते प्रकल्प मी केले, ज्यांच्या पानावर नव्हती ते सोडून दिले. माझ्यासारखे पुष्कळ असतील.

चकवा (सोमवार, दुपारी ३.००)

हा विचार मी केला नव्हता, हे प्रामाणिकपणे मान्य करतो. माझ्याकडे ऑफिसची फायबर लाइन असते. कंटेनर हा एकमेव मार्ग ठेवू नये, हे पटलं.

तरी एक भाग सोडत नाही. कंटेनरफाइल लोकांनी वापरावी म्हणून नसेल, तर यादी खरी आहे का ते तपासण्यासाठी ठेवा. कोरं डेबियन १२, त्यात यादीतली पॅकेजं, मग बिल्ड, मग चाचण्या. यादीतून एक नाव गळलं तर तिथेच कळेल. कोऱ्या प्रतिमेत (कंटेनरच्या मूळ साच्यात) इतकं कमी असतं की चार वर्षांचा साठा असलेल्या मशीनवर न दिसणारं सगळं तिथे उघडं पडतं. गिटने एचटीटीपीएसवरून कोड घ्यायचा तर ‘सीए-सर्टिफिकेट्स’ लागतात, पीकेजी-कॉन्फिग स्वतः लागतं. आणि ॲप्टला ‘--नो-इन्स्टॉल-रेकमेंड्स’ द्या. नाहीतर शिफारस म्हणून काहीतरी आपोआप येतं, तुमचं बिल्ड त्याच्यावर उभं राहतं, आणि तुम्हाला पत्ता नसतो.

घाटमाथा (सोमवार, रात्री ९.१०)

हिरवाचाफा, तुमच्या त्या कागदाची गोष्ट वाचून थांबलो. यादी नव्या माणसासाठी लिहायची एवढंच माझ्या डोक्यात होतं. ती लॅबच्या सरांच्या हातात जाऊ शकते हे सुचलं नव्हतं.

चकवाने सुचवलेलं आज संध्याकाळीच करून पाहिलं. कोऱ्या डेबियन १२ वर आमची सात नावांची यादी टाकली. एकूण चार गोष्टी कमी निघाल्या : गिट, सीए-सर्टिफिकेट्स, पीकेजी-कॉन्फिग, आणि मराठीचा डेटा. डेबियनमध्ये तो ‘टेसरॅक्ट-ओसीआर-मार’, फेडोरात ‘टेसरॅक्ट-लँगपॅक-मार’, आर्चमध्ये ‘टेसरॅक्ट-डेटा-मार’.

एक पाचवीही होती, पण ती पॅकेज नव्हती. कंटेनरमध्ये लोकॅल (भाषा आणि अक्षरांची सेटिंग) ठरवलेलं नसतं, त्यामुळे चाचणीच्या अहवालात मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं उमटली. ‘सी.यूटीएफ-८’ दिल्यावर अक्षरं आली. हेही डिपेंडन्सीच्या पानावर जायला हवं असं मला वाटतं, पॅकेज नसलं तरी.

कोकणकडा (मंगळवार, सकाळी ८.३०)

आवृत्त्यांबद्दल कुणी फार बोललं नाही, म्हणून लिहितो. लिनक्स कर्नलच्या दस्तऐवजांत ‘चेंजेस’ नावाचं पान आहे. तिथे तक्ता आहे : साधन, किमान आवृत्ती, आणि तिसऱ्या रकान्यात ती आवृत्ती तपासायची आज्ञा. तो तिसरा रकाना मला फार आवडतो. माणसाला ‘तुझ्याकडे पुरेसं नवं आहे का’ असं विचारायचं आणि कसं बघायचं ते सांगायचं नाही, हे अर्धंच उत्तर झालं.

कर्नलचीच आणखी एक गोष्ट. ओआरसी अनवाइंडर ही कर्नलमधली सोय चालू असेल आणि लिबएल्फ ही लायब्ररी नसेल तर पूर्वी बिल्ड थांबायचं आणि एररमध्येच लिहून यायचं : कृपया ‘लिबएल्फ-डेव्ह’, ‘लिबएल्फ-डेव्हेल’ किंवा ‘एल्फयूटिल्स-लिबएल्फ-डेव्हेल’ बसवा. डेबियन, सूसे, फेडोरा, तिघांचीही नावं एकाच ओळीत. हे वाचल्यावर माणसाला कुठलंही पान उघडावं लागायचं नाही. टेसरॅक्टच्या जुन्या कॉन्फिगरमध्येही (बिल्डआधी मशीन तपासणाऱ्या स्क्रिप्टमध्ये) लेप्टोनिका नसेल तर ‘लिबलेप्टोनिका-डेव्ह बसवून पाहा’ असा सल्ला येतो. चांगला हेतू आहे, पण तो फक्त डेबियनवाल्याला कामाचा.

माझं म्हणणं असं की रीडमी किती जण वाचतात कुणास ठाऊक. एरर मात्र प्रत्येक अडलेला माणूस वाचतो. मेसॉनमध्ये डिपेंडन्सी सापडली नाही तर स्वतःचा संदेश देता येतो, तिथे नावं लिहा.

आवृत्तीची भानगड वरच्या बाजूनेही होते बरं का. सीमेक या बिल्डच्या साधनाच्या ४.० आवृत्तीने ३.५ च्या आधीच्या आवृत्त्यांशी जुळवून घेणं सोडलं, त्यामुळे ज्यांच्या फाइलीत किमान २.८ लिहिलं होतं असे चालणारे प्रकल्प एका सकाळी थांबले. पायथन ३.१२ मधून ‘डिस्टयूटिल्स’ गेलं, तेव्हाही हेच झालं. नुसतं ‘पायथन ३’ लिहून भागत नाही.

पाटावरवंटा (मंगळवार, सकाळी १०.२०)

कोकणकडांशी पूर्ण सहमत. पायथनवरून आठवलं. सीपायथन (पायथनचा मूळ प्रोग्राम) स्वतः बिल्ड करून पाहा कधी, या धाग्याचा पूर्ण धडा त्यात आहे. काही हेडर नसले तरी बिल्ड पडत नाही. शेवटी शांतपणे सांगतो की पुढील ऐच्छिक मॉड्यूलांसाठी लागणारं मिळालं नाही, आणि नावं देतो : बीझेड२, एलझेडएमए, एसक्यूलाइट, रीडलाइन वगैरे. एसएसएलचंही तसंच. ती ओळ वर सरकून गेली की माणूस खूश, आणि आठवड्याने पिप (पायथनची पॅकेजं आणणारं साधन) एचटीटीपीएसवर चालत नाही म्हणून हैराण.

नावांकडेही बघा. एलझेडएमएसाठी डेबियनमध्ये ‘लिबएलझेडएमए-डेव्ह’, फेडोरात ‘एक्सझेड-डेव्हेल’. झेडलिबसाठी डेबियनमध्ये ‘झेडलिब१जी-डेव्ह’. तो ‘जी’ लिनक्सची मूळ सी लायब्ररी लिबसी५ वरून ग्लिबसीकडे जाण्याच्या काळातला आहे, नव्या ग्लिबसीवर बांधलेली प्रत ओळखू यावी म्हणून लावलेला. ते स्थित्यंतर होऊन पाव शतक उलटलं, अक्षर राहिलं. हे कुणाला तर्काने सापडणार नाही, म्हणून तर ते लिहून ठेवायचं.

तेव्हा घाटमाथा, यादीत ‘आवश्यक’ आणि ‘ऐच्छिक’ असे दोन शब्द पुरणार नाहीत. ऐच्छिक असेल तर नसल्याने काय गमावेल ते त्याच ओळीत लिहा.

रानपाखरू (मंगळवार, दुपारी १२.१५)

अजून एक प्रश्न. मेसॉन जुना आहे म्हणून पिपने नवा घ्या असं एका पानावर होतं. मी डेबियन १२ वर तसं केलं तर ‘बाहेरून व्यवस्थापित वातावरण’ अशा अर्थाची एरर आली आणि पुढे एक धोक्याचा पर्याय दिसला. मी तो दिला नाही. बरोबर केलं का?

कोकणकडा (मंगळवार, दुपारी १२.५०)

अगदी बरोबर केलंत. डेबियन १२ पासून सिस्टमच्या पायथनमध्ये पिपने थेट बसवायला मुद्दाम अटकाव आहे, कारण त्याने डिस्ट्रोची स्वतःची साधनं बिघडू शकतात. व्हेन्व्ह (पायथनचं वेगळं बंदिस्त वातावरण) करून त्यात मेसॉन घ्या, किंवा ‘पिपएक्स’ वापरा. आणि ज्या पानावर तो सल्ला होता तिथे जमल्यास ही दुरुस्ती पाठवा. सुरुवातीच्या माणसाकडून आलेली अशी दुरुस्ती फार मोलाची असते. आम्हाला ती एरर आता दिसतच नाही.

घाटमाथा (बुधवार, रात्री १०.३०)

तीन संध्याकाळी बसून नवं पान केलं. इथे थोडक्यात टाकतो, चुका काढा.

सुरुवातीलाच तीन वाटा. वाक्यं तपासायला आलात : गेटटेक्स्ट आणि गिट, बाकी काही नको. कोड बदलायला आलात : खालचा पहिला गट. चाचण्या चालवायच्या आहेत : पहिला आणि दुसरा गट.

मग प्रत्येक डिपेंडन्सीची एक नोंद. नमुना म्हणून एकच देतो.

लेप्टोनिका. पानाचा तिरकेपणा मोजणे आणि डाग काढणे यासाठी. पीकेजी-कॉन्फिगमधलं नाव ‘लेप्ट’. किमान १.७४. तपासा : ‘पीकेजी-कॉन्फिग --मॉडव्हर्जन लेप्ट’. डेबियन, उबुंटू : ‘लिबलेप्टोनिका-डेव्ह’. फेडोरा : ‘लेप्टोनिका-डेव्हेल’. आर्च : ‘लेप्टोनिका’. अल्पाइन : ‘लेप्टोनिका-डेव्ह’. नसेल तर बिल्ड होणार नाही.

टेसरॅक्टच्या नोंदीत स्वतंत्र ओळ : उबुंटू २२.०४ मध्ये ४.१.१ आहे, ते चालणार नाही, २४.०४ किंवा डेबियन १२ मधलं ५.३ चालतं. आर्चच्या रकान्यात : भाषेचा डेटा विचारला की एंटर दाबू नका, मराठी निवडा.

नोंदींच्या खाली, प्रत्येक डिस्ट्रोसाठी एका ओळीत सगळी नावं, लॅबच्या सरांना देता येतील अशी. ही ओळ हाताने लिहिलेली नाही. नोंदी एका साध्या मजकूर फाइलीत आहेत, त्यातूनच रीडमीतली ओळ तयार होते आणि त्यातूनच चाचणीच्या कंटेनरमध्ये पॅकेजं बसतात. दोन्हीकडे वेगळं असण्याची सोयच ठेवली नाही. डेबियन १२, उबुंटू २४.०४, फेडोरा आणि आर्च, या चारांवर प्रत्येक पुल रिक्वेस्टला (कोड बदलण्याच्या प्रस्तावाला), आणि दर सोमवारी एकदा आपोआप. सोमवारचं आर्चसाठी, कारण तिथे आपण काही न बदलता जग बदलतं.

अल्पाइन आणि ओपनसूसेच्या नोंदींपुढे ‘आमच्याकडे तपासलेलं नाही’ असं लिहिलंय. नावं वाचकांकडून आली तर घेऊ, पण तपासल्याचा दावा करणार नाही. भरतीओहोटी, तुम्ही ओपनसूसेचं बघाल का?

मेसॉनचे संदेशही बदलले. आता लेप्ट सापडलं नाही की चारही नावं तिथेच दिसतात.

भरतीओहोटी (गुरुवार, पहाटे १.४०)

आनंदाने बघतो. शनिवारी टम्बलवीडवर (ओपनसूसेच्या सतत अद्ययावत होणाऱ्या आवृत्तीवर) चालवून नावं पाठवतो. शक्य तिथे पीकेजीकॉन्फिगच्या रूपातच देईन, म्हणजे पुढे कुणी पॅकेजचं नाव बदललं तरी ओळ टिकेल.

उंबरठा (गुरुवार, सकाळी ८.०५)

पहिली वाट वाचली. मला हवं ते पहिल्या तीन ओळींत मिळालं. एक विनंती, हे पान मराठीतही ठेवाल का? साधन मराठी पुस्तकांसाठी आहे, येणारे बरेच जण मराठी आहेत. भाषांतर मी करते. आज्ञा आणि पॅकेजांची नावं त्याच फाइलीतून घेतली तर मला फक्त वाक्यं जपावी लागतील.

हिरवाचाफा (शुक्रवार, रात्री ८.५०)

घाटमाथा दादा, माझ्या फेडोरावर चालवून पाहिलं. एकूण चार पॅकेजं उतरवावी लागली, बाकीचं होतं. बिल्ड पहिल्या फटक्यात झालं! पण एक चाचणी पडते आहे. ती पँगो या मजकूर मांडणाऱ्या लायब्ररीने देवनागरी वाक्याचं चित्र काढते आणि टेसरॅक्टला वाचायला देते ती. चित्र उघडून पाहिलं तर अक्षरांच्या जागी नुसते चौकोन आहेत. हे लॅपटॉपवर नाही, तुमच्या फेडोराच्या कंटेनरमध्ये. लॅपटॉपवर तीच चाचणी पास होते.

पाटावरवंटा (शुक्रवार, रात्री ९.२५)

फॉन्ट नाही. कोऱ्या प्रतिमेत देवनागरी फॉन्ट नसतो. लॅपटॉपवर तो डेस्कटॉपबरोबर आलेला असतो, म्हणून तिथे दिसत नाही. डेबियनमध्ये ‘फॉन्ट्स-लोहित-देवा’, फेडोरात ‘लोहित-देवनागरी-फॉन्ट्स’. पण नुसता कुठलातरी फॉन्ट बसवून थांबू नका. प्रत्येक डिस्ट्रोत फॉन्टकॉन्फिग (फॉन्ट निवडणारी लायब्ररी) वेगळा फॉन्ट पुढे करेल, चित्र वेगळं येईल, आणि मजकूर ओळखण्याचा निकालही थोडा थोडा बदलत राहील.

घाटमाथा (शनिवार, सकाळी ७.१५)

हिरवाचाफा, तुम्ही कंटेनरही चालवून पाहिलात, त्या डेटाच्या खर्चासकट! त्याबद्दल मनापासून आभार. मी बिल्डचे निकाल हिरवे बघून त्या चाचणीची लाल खूण ‘नंतर बघू’ म्हणून ठेवली होती.

पाटावरवंटा, रात्री विचार केला. लोहित देवनागरी मुक्त फॉन्ट परवान्याखाली, म्हणजे ओएफएलखाली आहे. ती एक फाइल परवान्यासकट चाचण्यांच्या फोल्डरमध्येच ठेवली आणि चाचणीला तीच वापरायला सांगितलं. फॉन्टची नोंद यादीत टाकण्याची गरज उरली नाही. चारही डिस्ट्रोंवर चित्र आता सारखं येतंय.

उंबरठाताई, मराठी पानासाठी फोल्डर केला आहे, वाक्यांची फाइल आज दुपारी तुमच्यासाठी तयार ठेवतो. पुढच्या महिन्यातल्या रविवारी पुन्हा बसतोय. गेल्या वेळी जेवणानंतर न आलेल्या चौघांना काल फोन केले, दोघे येतो म्हणालेत. त्यांना आधी एकच निरोप पाठवला आहे : तुमची डिस्ट्रो आणि तिची आवृत्ती तेवढी कळवा.

भरतीओहोटी (शनिवार, संध्याकाळी ६.३०)

टम्बलवीडवर सगळं झालं, चाचण्याही पास. पुल रिक्वेस्ट टाकली आहे. ‘तपासलेलं नाही’ हे शब्द आता काढता येतील.